शंभरी ओलांडलेला गडी आणि शॉकअपचा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पहिली, दुसरी, आठवी, बारावी. रविवारी पहाटे सहाच्या सुमारास यातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी चार-पाच उंच मोटरसायकली उभ्या दिसल्या, की समजायचं, मंडळी गगनबावड्याकडे निघाली आहेत. एक्सपल्स, हिमालयन, अधूनमधून एखादी केटीएम. अशा टोळक्यात एक तरी गडी दांडगा असतोच. तो पाय टाकून सीटवर बसतो आणि गाडीचं मागचं अंग खस्सकन खाली जातं. पुढचा दिवा झाडाच्या शेंड्याकडे बघू लागतो. शेजारचा हसतो आणि म्हणतो, ‘‘भावा, मागचं जरा कडक करून घे की.’’

जड माणसाच्या ऑफरोड गाडीबद्दल सगळीकडे दिला जाणारा सल्ला एवढाच असतो, आणि घोळही तिथूनच सुरू होतो. कारण ‘कडक’ हा एक शब्द मेस्त्री निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं म्हणजे कडक, जाड तारेची स्प्रिंग म्हणजे कडक, घट्ट ऑइल म्हणजे कडक, आणि क्लिकर फिरवून ऑइलची वाट अरुंद करणं म्हणजेही कडकच. चौघांची कामं वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरला, तर पैसे जातात आणि गचके तसेच राहतात.

जड असण्याचं कोल्हापुराला वावडं नाही. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, तेव्हापासून इथं वजन ही मिरवायची गोष्ट आहे. तालमीत जाऊन आलेला, आता धंद्यात पडलेला, पण अंगानं तसाच राहिलेला माणूस या शहरात गल्लोगल्ली भेटतो. कुस्तीत निदान न्याय आहे. महाराष्ट्र केसरीच्या गटात ८६ ते १२५ किलोचे मल्ल एकमेकांशी लढतात, ६० किलोच्या पोराला त्यांच्यासमोर कुणी उभं करत नाही. मोटरसायकलच्या कारखान्यात मात्र एकच स्प्रिंग सगळ्यांसाठी बसते. कारखान्यानं एक सरासरी माणूस मनात धरलेला असतो. केटीएमच्या स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्यांच्या पुस्तिकेत हा माणूस सरळ छापलेलाच आहे: ७५ ते ८५ किलो. त्याहून हलका असाल तर ही स्प्रिंग, जड असाल तर ती, असा तक्ताही पुढं असतो. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या पुस्तिकेत असा तक्ता सहसा नसतोच.

त्यात वजन म्हणजे काट्यावरचं उघड्या अंगाचं नव्हे. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची पॅडं, छातीचं कवच, मोटोक्रॉसचे बूट आणि पाठीवरची दोन लिटर पाण्याची पिशवी मिळून सहज दहा किलो होतात. ९५ किलोचा गडी गाडीवर बसतो तेव्हा तो १०५ चा झालेला असतो. स्प्रिंगला बूट आणि पोट यांतला फरक कळत नाही.

हा प्रश्न या भागात नवा नाही, फक्त त्याचं नाव नवं आहे. राजदूतवर दुधाच्या किटल्या लादून पाणंदीतून गावात येणारा गवळी तो रोज सोडवत होता. चाळीस लिटरच्या दोन भरलेल्या किटल्या म्हणजे दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर, किटल्यांचं लोखंड वेगळं. मागच्या दोन शॉकअपच्या तळाशी खाचांची कडी असते. हुक पाना लावून ती शेवटच्या खाचेवर नेली, की गाडी भारासहित जागेवर बसायची. येताना गाडी लोण्यासारखी चालायची. किटल्या रिकाम्या करून परत जाताना मात्र तीच गाडी बैल उधळल्यासारखी उड्या मारायची. गवळ्यानं ते सोसलं, कारण रिकाम्या फेरीत सांडण्यासारखं काही नव्हतं. आजच्या दांडग्या रायडरनं प्रीलोड, म्हणजे त्या कडीनं स्प्रिंगला दिलेला आगाऊ दाब, शेवटपर्यंत आवळला की नेमकी हीच रिकाम्या किटल्यांची फेरी त्याच्या वाट्याला येते. ती कशी, ते पुढं मोजूनच दाखवता येईल.

आधी थोडं मागं. १९७० च्या आसपास मोटोक्रॉसच्या गाड्यांची मागची चाकंही जेमतेम चार इंच वर-खाली व्हायची. बेल्जियममधल्या लिएजचे प्राध्यापक लुसियाँ टिल्केन्स यांनी दोन आखूड शॉकअप काढून टाकीखाली एकच लांब शॉकअप आडवा टाकला. यामाहानं ती कल्पना घेतली आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान अँडरसननं त्या गाडीवर २५० सीसीचं जागतिक मोटोक्रॉस अजिंक्यपद जिंकलं. पुढच्या काही वर्षांतच चाकाची हालचाल बारा इंचांच्या घरात गेली. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये ओहलिन्स आणि १९७७ मध्ये नेदरलँड्समध्ये विम पीटर्स यांची व्हाइट पॉवर, म्हणजे आजची डब्ल्यूपी, हे कारखाने याच लाटेवर उभे राहिले. जड माणसाचा प्रश्न खऱ्या अर्थानं तेव्हा उगवला. चार इंचांच्या हालचालीत वीस किलोंनी पडणारा फरक बोटभर. बारा इंचांत तोच फरक गाडीची ठेवणच बदलून टाकतो.

आपल्याकडे ही लांब हालचाल सामान्य माणसाच्या खिशात आली ती बरीच उशिरा. २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन पुढं २०० आणि मागं १८० मिलिमीटर घेऊन आली. २०१९ ची हिरो एक्सपल्स २०० पुढं १९०, मागं १७०. २०२० मध्ये हिरोनं तिच्यासाठी अडतीस हजारांचं रॅली किट काढलं, त्यात हे आकडे २५० आणि २२० वर गेले, आणि २०२३ च्या ‘प्रो’मध्ये तेच कारखान्यातून बसून येऊ लागले. सीट ८९१ मिलिमीटर उंच. २०२३ अखेर आलेल्या हिमालयन ४५० मध्ये पुढं-मागं दोन्हीकडं २०० आणि शोवाचे उलटे फोर्क. म्हणजे गाड्या आल्या, हालचाल आली, बटणं आणि क्लिकरही आले. वजनाचा तक्ता तेवढा आला नाही.

आता मोजमाप. त्याला एक साधी टेप, एक मार्कर आणि दोन मित्र लागतात. तिसरा असला तर आकडे लिहायला बरा. जागा म्हणाल तर पोर्चमधली सपाट फरशी. गल्लीतला उतार नको, राजारामपुरीत तो नकळत असतो. मागच्या चाकाच्या आसापासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर मार्करनं एक ठिपका काढायचा. गाडी उचलून चाक अधांतरी केलं की पहिला आकडा मिळतो. गाडी जमिनीवर, कुणी न बसता, तो दुसरा. मग गड्यानं सगळा जामानिमा चढवून, पेगवर उभं राहून, हात हँडलवर ठेवायचे. एका मित्रानं पुढून गाडी तोलून धरायची आणि दुसऱ्यानं टेप लावायची. तो तिसरा आकडा. प्रत्येक वेळी सीट एकदा खाली दाबून हलकेच वर येऊ द्यायची आणि मोजायचं, एकदा वर उचलून हलकेच बसू द्यायची आणि मोजायचं. दोन्हींत चार-पाच मिलिमीटरचा फरक येतो, कारण सील आणि बुश स्प्रिंगला अडवून धरतात. मधला आकडा खरा. फरक फारच मोठा आला तर तिथंच थांबावं. लिंकेजचे, म्हणजे मागचं चाक आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या लिव्हरांचे, बेअरिंग गंजलेले असणार आणि त्या गाडीला आधी ग्रीस हवं.

उदाहरणादाखल मागं २२० मिलिमीटर हालचाल असलेली गाडी आणि सगळ्या सामानासह १०५ किलोचा गडी घेऊ. चाक अधांतरी असताना ५६२. गाडी एकटी उभी असताना ५३२. गडी चढल्यावर ४७०. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं ३० मिलिमीटर बसली आणि गड्यासह ९२. यालाच सॅग म्हणतात, पहिला गाडीचा, दुसरा रायडरचा. ऑफरोडमधला जुना संकेत असा, की रायडरचा सॅग एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा. ३०० मिलिमीटरच्या मोटोक्रॉस गाडीला तो शंभरच्या आगेमागे धरतात, तर इथं सत्तर. आपला गडी ९२ वर आहे, म्हणजे रस्ता सुरू व्हायच्या आधीच त्यानं ४२ टक्के हालचाल खर्च केली आहे. खड्ड्यासाठी उरलं काय?

इथं बहुतेक जण प्रीलोडची कडी फिरवतात. फिरवत फिरवत रायडरचा सॅग सत्तरवर आला की समाधान वाटतं. आकडा बरोबर आला, काम झालं. पण आता गड्याला खाली उतरवून गाडीचा सॅग पुन्हा मोजला तर तो ३० वरून ८ वर आलेला दिसतो. कारण प्रीलोडनं स्प्रिंग बदलत नाही. ती जिथून दबायला लागते ती जागा तेवढी सरकते. ९२ वजा ३० म्हणजे ६२. ७० वजा ८ म्हणजेही ६२. ही वजाबाकी कडी कितीही फिरवली तरी हलत नाही, आणि सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा आकडा तोच. गड्याच्या वजनानं स्प्रिंग किती दबते, एवढं आणि एवढंच तो सांगतो.

वरकरणी हे उलटं वाटतं, म्हणून थोडं थांबायला हवं. रायडरचा सॅग बरोबर असताना गाडीचा सॅग फार कमी येत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. कडक नाही, मऊ. मऊ स्प्रिंगला जबरदस्तीनं दाबून ठेवलेलं असतं, म्हणून रिकामी गाडी वर तटतटून उभी राहते. उतरणीवर मागचा भार पुढं जातो आणि चाक खड्ड्यात खाली जायला बघतं तेव्हा त्याला खाली जायला जागाच नसते, आठ मिलिमीटरमध्ये ते टकटक करून थांबतं आणि जमीन सोडतं. ब्रेक लावला की मागचं चाक नाचतं. तीच ती गवळ्याची रिकामी फेरी. वर आणखी दुर्दैव असं, की मोठ्या दणक्यात हीच गाडी तळालाही आपटते. दोन्ही टोकांना मार.

मग हवं काय? गाडीचा सॅग वीसेक आणि रायडरचा सत्तर, म्हणजे वजाबाकी ५०. बासष्टवरून पन्नासवर यायला स्प्रिंग २४ टक्के कडक लागेल. आणि गंमत बघा, १०५ ला ८५ नं भागलं तरी उत्तर तेच येतं. म्हणजे ही स्प्रिंग सामानासह ८५ किलोच्या माणसासाठी होती आणि गड्यानं आपल्याच वजनाच्या प्रमाणात ती वाढवून मागितली आहे. एवढा सरळ हिशेब मोटरसायकलच्या दुनियेत दुसरीकडं क्वचितच मिळतो. मोटोक्रॉसच्या गाड्यांत दर दहा किलोंना मागच्या स्प्रिंगची एक पायरी धरतात आणि ती पायरी सहा-सात टक्क्यांची असते. वीस किलोंना म्हणजे दोन पायऱ्या, तेरा-चौदा टक्के. आपल्या गाडीचा आकडा त्याहून मोठा आला, कारण गाड्यागाड्यांत आसाचा आणि लिव्हरचा हिशेब वेगळा असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीचा तक्ता चिकटवण्यापेक्षा आपली वजाबाकी मोजलेली बरी.

स्प्रिंग कडक करायची म्हणजे काय करायचं, यालाही एक मजेदार गणित आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग शेहेचाळीस टक्के कडक होते. आपल्याला हवे आहेत चोवीस, म्हणजे १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेबारा-पावणेतेराची तार पुरे. उघड्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून ‘जाडजूड दिसते ती स्प्रिंग घाल’ हा अंदाज फसतो. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर व्हर्निअरशिवाय सांगता येत नाही कुठली कुणाची.

राजारामपुरीच्या कुशीतच शिवाजी उद्यमनगर आहे. तिथल्या लेथवर बुश, स्पेसर, कॉलर, पिन, काय हवं ते नमुना दाखवून करून मिळतं. ऑइल इंजिन आणि ओतकामावर वाढलेल्या या पेठेला ‘होत नाही’ म्हणायची सवय नाही. त्यामुळे ‘स्प्रिंगपण वळून घेऊ की’ हा विचार इथं कुणाच्याही मनात येतो. तार वळवणं अवघड नाही. अवघड आहे त्यानंतरचं. योग्य पोलादाची तार, वळल्यावर भट्टीतून ताण काढणं, टोकं सपाट घासणं, पृष्ठभागावर छर्‍यांचा मारा करणं आणि शेवटी स्प्रिंग पूर्ण दाबून ‘बसवून’ घेणं, हे सगळं झालं नाही तर दोन महिन्यांत स्प्रिंग स्वतःच आखूड होते आणि सॅग पुन्हा नव्वदवर. त्याहून वाईट उपाय म्हणजे कटरनं दीड वेढा उडवणं. गणितानं तो बरोबरच आहे, आठ वेढ्यांचे साडेसहा केले की कडकपणा तेवीस टक्के वाढतो. पण कापलेलं टोक वाकडं बसतं, शॉकअपच्या दांड्यावर तिरका जोर येतो, उरलेल्या प्रत्येक वेढ्यावर ताण वाढतो. तयार कडक स्प्रिंग किंवा थायलंडच्या वायएसएससारख्या कंपनीचा वजन सांगून मागवलेला शॉकअप महाग पडतो, हे खरं. तरी या एका बाबतीत उद्यमनगरानं हात आवरावा असंच म्हणावं लागतं. स्पेसर मात्र तिथूनच घ्यावा, इतका नेटका दुसरीकडे मिळणार नाही.

पुढच्या फोर्कची कथा थोडी वेगळी, कारण तिथं चुकीचं औषध फार जुनं आहे. पुढून गाडी बुडते म्हणून तक्रार केली की ऑइल बदललं जातं, दहाच्या जागी वीस नंबरचं. गाडी हातानं दाबून बघितली तर खरंच घट्ट लागते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण ऑइल वजन पेलत नाही. ऑइल फक्त वेग अडवतं. गाडी उभी असताना ऑइलचा जोर शून्य, सॅग होता तिथंच. पुढं खडबडीत जांभ्यावर किंवा ट्रॅक्टरनं पाडलेल्या आडव्या लाटांवर गेलं की घट्ट ऑइलमुळे फोर्क दबतोही हळू आणि परत वर येतोही हळू. पहिल्या लाटेवर दबला, वर यायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. दहा लाटांत फोर्क खालीच बसून राहतो आणि हँडलला थेट ठोसे बसतात. माणूस म्हणतो, अजून मऊच आहे, आणखी कडक करा.

ऑइलच्या डब्यावरच्या नंबरावरही फार विसंबू नये. एका कंपनीचं दहा दुसऱ्या कंपनीच्या दहाइतकंच पातळ असेल असं नाही. चाळीस अंशांवरच्या दाटपणाचा सेंटिस्टोकमधला आकडा माहितीपत्रकात असतो, तो जुळवावा. फोर्कसाठी क्रम तोच, आधी स्प्रिंग. स्प्रिंग मिळतच नसेल तर ऑइलचा दाटपणा न बदलता त्याची पातळी वाढवणं हा त्यातल्या त्यात शहाणा मधला मार्ग. नळीत ऑइलच्या वर हवा असते. ऑइल दहा मिलिमीटर वर आणलं की हवेला जागा कमी, आणि फोर्क तळाजवळ येईल तशी ती हवाच दुसऱ्या स्प्रिंगसारखी आडवी येते. सुरुवातीची नरमाई राहते, शेवटचा दणका मरतो. पाच-पाच मिलिमीटरनं वाढवावं. एकदम तीस भरलं तर ऑइल सील शरण जातो.

स्प्रिंग कडक झाली की तिला आवरणारंही कुणी हवं. दाबलेली कडक स्प्रिंग सुटते तेव्हा जास्त जोरानं सुटते, तिला धरून हळू सोडायचं काम रिबाउंडचं. कागदावरचा हिशेब केला, तर चोवीस टक्के कडक स्प्रिंग आणि वीस किलो जास्तीचं वजन यांना आधीपेक्षा पंधरा-सोळा टक्के अधिक डॅम्पिंग, म्हणजे ऑइलची अडवणूक, लागतं. क्लिकर असलेल्या गाडीत हे दोन-चार क्लिकचं काम आहे. क्लिकर आधी घड्याळाच्या दिशेनं हलक्या हातानं पूर्ण बंद करावा, मग उलटं फिरवत क्लिक मोजावेत आणि तो आकडा वहीत लिहावा, म्हणजे बिघडलं तरी परतीची वाट राहते. कॉम्प्रेशनला, म्हणजे दबतानाच्या अडवणुकीला, शक्यतो लगेच हात लावू नये. वजन पेलायचं काम नव्या स्प्रिंगनं घेतलेलं असतं. आधी मऊ स्प्रिंगची उणीव भरून काढायला कुणी कॉम्प्रेशन आवळून ठेवलं असेल, तर ते उलट सैल करावं लागतं. कडक स्प्रिंग घातल्यावर गाडी खडबडीत वाटेवर जास्त मऊ लागते, हे ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. पण ती लागते, कारण गाडी आता तळाशी न अडकता मधल्या, मोकळ्या भागात चालत असते.

ज्या गाडीला क्लिकरच नाही, तिच्या मोनोशॉकचं रिबाउंड आतल्या पातळ पत्र्यांच्या चकत्या बदलूनच बदलतं. त्यात नायट्रोजन दाबानं भरलेला असतो. हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजात हातोडी-पक्कड घेऊन उघडायचं नव्हे.

मतभेद आहेतच. एक पंथ प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगवाल्यांचा आहे. या स्प्रिंगचे वेढे एका टोकाला जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब असतात. सुरुवातीला मऊ, शेवटी कडक. आठवडाभर एकटा ऑफिसला, शनिवारी मागं बायको आणि दोन बॅगा घेऊन कोकणात, अशा माणसाला ती सोयीची. पण एकटाच १०५ किलोचा गडी पाणंदीत घुसणार असेल तर सरळ रेषेत वाढणारी स्प्रिंग बरी, तिच्यावर सॅगचं गणित तरी खरं उतरतं. दुसरा पंथ हवेचा. केटीएमच्या मोटोक्रॉस गाड्यांत काही वर्षांपूर्वी डब्ल्यूपीचे हवेचे फोर्क आले, त्यांत तारेची स्प्रिंगच नाही, एका नळीतली हवाच स्प्रिंगचं काम करते. हातपंपानं दाब बदलला की झाली कडक. जड माणसाला यासारखं सुख नाही, पण तशा गाड्या या भागातल्या पाणंदीत औषधालाही दिसत नाहीत. आणि तिसरा पंथ सगळं काढून मोठ्या नावाचा अख्खा संच बसवणाऱ्यांचा. त्यांच्यापाशी पैसे असतात. मात्र त्यातल्या कित्येकांनी तो संचही आपलं वजन न सांगताच मागवलेला असतो.

रायडर जड असला की त्याचे परिणाम शॉकअपपाशी थांबत नाहीत. मागचं अंग बसलं की पुढचा फोर्क आडवा होतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि वळणात गाडी बाहेर पळते. करूळ घाटात हे लगेच कळतं. माणूस टायरला दोष देतो. टायरमधली हवाही हलक्या मित्राइतकी ठेवून चालत नाही, दोन-तीन पौंड जास्तच हवी, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटीत सापडते आणि रिमला पोचा येतो. चेनची ढिलाई गडी बसलेला असताना तपासावी. आणि गगनबावड्याच्या पावसातून आल्यावर हिमालयनसारख्या लिंकेज असलेल्या गाडीचे बेअरिंग वर्षातून एकदा खोलून ग्रीस करावेत, कारण तांबड्या चिखलाचं पाणी तिथंच जाऊन बसतं. जाता जाता एक. दाजीपूरच्या अभयारण्यात किंवा फुलांच्या दिवसांत पठारांवर गाडी घालण्याला ऑफरोडिंग म्हणत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या सस्पेन्शनची जेवढी परीक्षा घेतात, तेवढी पठार घेत नाही.

महाराष्ट्रात बसून या सगळ्याकडं बघताना एक गोष्ट खटकते. गेब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत, मुलुंडला सुरू झाली. आता तिचे कारखाने चाकणला आणि नाशिकला आहेत. १९८५ मध्ये अनुरंग जैन यांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेली एंड्युरन्स दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी आहे. केटीएमच्या छोट्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून जगभर जातात. २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉसची नवी लीग पुण्यात बालेवाडीला सुरू झाली. त्याच महिन्यात केरळच्या हरिथ नोआहनं शेर्को टीव्हीएसच्या गाडीवर डकार रॅलीत रॅली-२ गटात पहिला नंबर काढला. म्हणजे बनवणारे इथं, शर्यती इथं, जिंकणारेही आता आपलेच. आणि राजारामपुरीतल्या गड्यानं काउंटरवर जाऊन ‘माझं वजन १०५, मागची स्प्रिंग द्या’ म्हटलं, तर समोरचा आधी गाडीचं मॉडेल विचारतो आणि मग एकच पुडा पुढं सरकवतो. कंपनीनं तीन कडकपणाच्या स्प्रिंगा रंगाच्या पट्ट्या मारून ठेवल्या, तर त्यांचा खर्च फार वाढणार नाही. चपलेचेही नंबर असतात की.

उरतो तो शेवटचा सल्ला, जो मित्र हसत हसत देतात: स्प्रिंग कशाला बदलतोस, वजन कमी कर. हिशेबानं तो चुकीचा नाही. दहा किलो कमी केले तर एका पायरीची स्प्रिंग वाचते. पण हा सल्ला देणारे स्वतः पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी पुढं करत असतात, आणि गड्याला पुढच्या रविवारीच निघायचं असतं.

तेव्हा स्प्रिंग आली, बसली, वजाबाकी ५१ आली. काम संपलं असं नाही. नवी स्प्रिंग पहिल्या चारशे-पाचशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, त्यानंतर टेप पुन्हा लावावी लागते. फोर्कच्या नळीवर एक बारीक केबल टाय सैलसर आवळून सीलला टेकवून ठेवावा. उलट्या फोर्कमध्ये तो खालच्या दांड्यावर येतो. गगनबावड्याहून परत आल्यावर तो किती सरकला ते बघायचं. रोजच्या वाटेवर तो तळापासून दोन बोटं अलीकडं थांबला आणि एखाद्या खरोखरच्या मोठ्या दणक्यातच तळाला लागला, तर जमलं. दर फेरीला तळाशी जाऊन चेपला असेल तर ऑइल पाच मिलिमीटर वर. अर्ध्यातच अडकला असेल, तर गड्यानं कुठंतरी पुन्हा ‘कडक’ केलंय, आणि वहीत बघून क्लिक मागं घ्यायचे आहेत.